किती पेले झाले की व्यसन?

(मंडळाच्या गणेशोत्सवात, हैदराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटायच्या आधी भाषणाला उभे राहणे धोक्याचे असते, म्हणून फार वेळ घेत नाही.

मी व्यवसायाने औषधनिर्माता. नोकरीची बारा वर्षे मस्कतमध्ये काढली. तिथे रमजानच्या पहिल्या आठवड्यात आमच्या दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या हातोहात खपत. एक वयस्कर टॅक्सीवाले ठरलेले गिऱ्हाईक. रोजा सुटला की कपाळ धरून येत. मी त्यांना पॅरासिटामॉलची 'जास्त लागू पडणारी' गोळी देई. त्या गोळीत 65 मिलिग्रॅम कॅफीनही असते, हे मला पाठ होते. पण त्यांचे डोके कॅफीन तुटल्यामुळेच दुखते आहे आणि मी त्यावर पुन्हा कॅफीनच देतो आहे, हे ध्यानात यायला मला तीन रमजान लागले!

कॅफीन थांबले की साधारण 12 ते 24 तासांत डोके दुखू लागते, आणि हा त्रास 2 ते 9 दिवस टिकू शकतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 सालच्या 'डीएसएम-5' या ग्रंथाने या त्रासाला रीतसर निदानाचे स्थान दिले. कॅफीनचे व्यसन मात्र तिथे 'अधिक अभ्यास हवा' या यादीत आहे. त्यासाठी तीन खुणा एकत्र दिसाव्या लागतात : कमी करावेसे वाटूनही न जमणे, अपाय कळूनही न थांबणे आणि सोडल्यावर त्रास होणे. याच धर्तीवर 2018 साली हंगेरीतल्या संशोधकांनी प्रश्नावली तपासली. अशी प्रश्नावली अरबीत न्यायची म्हणजे आधी भाषांतर, मग दुसऱ्याकडून उलट भाषांतर, मग शेकडो लोकांची उत्तरे.

हे ऐकायला सोपे वाटते. पण "दिवसाला किती पेले?" या पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. ओमानी फिंजान बिनकानाचा, इवलासा. वाढणारा त्यात तळाशी थोडीच कॉफी ओततो, आणि पेला हलवून 'पुरे' सांगेपर्यंत ओततच राहतो. लेबनॉनची कॉफी दाट, उकळलेली. इजिप्तमध्ये काचेच्या पेल्यात काळा चहा. आखातातला 'करक' तर आपलाच कडक चहा! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत हरकत नाही असे सांगितले. पण ते या पेल्यांत मोजायचे कसे?

दुसरी अडचण पाहुणचाराची. अरबी कॉफी 2015 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली ती औदार्याची खूण म्हणून. यजमानाची कॉफी नाकारणे वाईट दिसते. मग "ठरवूनही कमी करता आली नाही" याला 'हो' म्हणणारा व्यसनी की रीत पाळणारा? आणि हीच पाहणी रमजानात केली तर डोकेदुखीचे उत्तर वेगळे येणार.

सर्वांत अवघड शब्दच. अरबीत व्यसनाला 'इदमान' म्हणतात. दारू आणि अमली पदार्थांसाठीही तोच शब्द. तिथला 'कैफ' मात्र आपल्याकडे मराठीतही आला आणि अजून बराच सभ्य आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. चौथ्या वर्षी, रमजानच्या महिनाभर आधी, मी त्या टॅक्सीवाल्यांना हळूहळू पेले कमी करा असे सुचवले, आणि बोलता बोलता 'इदमान' म्हणून गेलो. ते ताडकन उठले. "मी नमाजी माणूस. मला दारुड्यांत बसवतोस?" त्या रमजानात ते समोरच्या दुकानातून गोळ्या घेताना दिसत. मला काचेतून पाहावे लागे.

ईदनंतर खजुराचा डबा घेऊन आले. म्हणाले, "आधी तो शब्द मागे घे."

मी घेतला. मग खुर्ची ओढून बसले आणि विचारू लागले, सहरीला एक पेला घेतला तर दुपारपर्यंत निभेल का?