हात बांधता येत नाहीत



मी सातवी शिकलेली. चूकभूल पदरात घ्यावी.

माझ्या मसाल्याच्या कामावरची बाई पाच वर्षांनी काम सोडून गेली व पलीकडच्या आळीत मसाला विकू लागली. "पुढे हा धंदा करणार नाही," असे तिने लिहून दिले होते. तो कागद घेऊन मी रागारागाने वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "१८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम असा करार मानत नाही. कामावर असेपर्यंतचे बंधन चालते, पुढचे नाही. मात्र तिने प्रमाणाची वही नेली असेल, तर दाद मागता येईल."

वही माझ्याच कपाटात होती. तिने नेली ती हातची चव, आणि ती तिचीच.

कागद मी फाडला. संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला बोलावले. ती आली.