आमचे आप्पा, इटलीच्या लढाईत

येत्या ११ नोव्हेंबरला व्हेटरन्स डे. नातवाच्या शाळेत घरातल्या सैनिकांचे फोटो भिंतीवर लावतात. तो फॉर्म घेऊन माझ्यापुढे उभा. “आजी, आप्पांच्या नावापुढे कुठे खूण करू? आर्मी, नेव्ही, मरीन्स?”

आप्पा म्हणजे माझे आजोबा. सातारा जिल्ह्यातले, दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतून इटलीत लढलेले. लढाईबद्दल फारसं बोलत नसत. भाकरीला मात्र कधीकधी ‘पाने’ म्हणायचे. तो इटालियन शब्द आहे, हे मला इथे न्यू जर्सीत एका बेकरीत कळलं!

गोष्ट एकच सांगायचे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. त्यांच्याच पलटणीतले, नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव. गोळीबार चालू असताना त्यांनी एका जखमी जवानाला खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पार नेलं, आणि परत जाऊन दुसऱ्यालाही आणलं. आप्पांची गोष्ट इथेच संपायची. पुढे जाधवांनी एकट्याने मशीनगनची ठाणी गप्प केली, हाताला गोळी लागल्यावर हातबॉम्ब फेकले, बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे सगळं मी नंतर वाचलं.

आप्पा तिकडे असताना इकडे साताऱ्यात प्रतिसरकार. त्यांचे धाकटे भाऊ भूमिगतांना भाकरी आणि निरोप पोचवत. आप्पांची पत्रं गुरुजी चारचौघांत वाचून दाखवत, आजीला वाचता येत नव्हतं ना! म्हणून पत्रात कायम तेच, ‘मी खुशाल आहे.’

१९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, धाकट्या आजोबांना ताम्रपट मिळाला. गावात सत्कार झाला. आप्पा मागच्या रांगेत. मी विचारलं, “आप्पा, तुमचा सत्कार कधी?” म्हणाले, “पोरी, म्या सायबाची चाकरी केली.”

मी दहा वर्षांची. खरं मानलं. त्यानंतर शाळेत मी फक्त धाकट्या आजोबांचंच नाव सांगायची. आप्पांना हे कळलं होतं का, कुणास ठाऊक. विचारायला हवं होतं, राहून गेलं.

नातवाला सांगितलं, ४४-४५ च्या हिवाळ्यात आप्पांची आठवी भारतीय डिव्हिजन काही काळ अमेरिकेच्या फिफ्थ आर्मीच्या हाताखाली होती.

“मग आर्मीवर खूण करतो!”

म्हटलं, थांब बाबा. हाताखाली होते, पण फौज त्यांची नव्हे. खरं सांगायचं तर तेव्हा आप्पांची म्हणावी अशी फौजच नव्हती. पगार सरकारचा, पलटण मराठ्यांची, आणि देश अजून व्हायचा होता. हे अकरा वर्षांच्या मुलाला एका चौकोनात कसं बसवून द्यायचं?

शेवटी कुठेच खूण केली नाही. खालच्या मोकळ्या जागेत त्याने देवनागरीत लिहिलं, ‘मराठा लाइट इन्फन्ट्री’. ‘ठा’चा ‘ढा’ झालाय. मी तसाच राहू दिला.

फोटो बेळगावातला आहे, एकच. आप्पांच्या इटली स्टारच्या मागे त्यांचा नंबर आणि नाव कोरलेलं आहे, ते नातवानेच शोधलं. तुमच्याही घरी, इथे किंवा गावाकडच्या ट्रंकेत, असं पदक असेल तर उलटून बघा. आणि फोन करून सांगा आम्हाला.