वाचकावर ठपका ठेवण्याआधी हस्तलिखित उघडा



सकाळपासून कथा-कादंबरीकारांच्या या मांडवात एकच तक्रार ऐकतो आहे: वाचक उरला नाही. कुणी म्हणालं मोबाइलनं पळवला, कुणी म्हणालं इंग्रजी शाळांनी. दुपारी मांडायचा ठरावही तयार आहे. ग्रंथालयांना नव्या लेखकांची पुस्तकं घेणं सक्तीचं करावं, असा. अध्यक्ष म्हणून माझा या ठरावाला विरोध आहे. सक्तीनं पुस्तक कपाटात जाईल, वाचकाच्या हातात जाणार नाही. वाचकावर खटला भरण्याआधी एक आरोप आपल्यावर ठेवतो: आपण पहिला खर्डा छापतो आणि त्याला कादंबरी म्हणतो.

‘मला जसं सुचलं तसं उतरलं, एक शब्द बदलला नाही’ असं अभिमानानं सांगणारे लेखक मला प्रत्येक प्रकाशन समारंभात भेटतात. हा अभिमान कशाचा? सुचणं हे लेखनाचं अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं काम वाचकाच्या माथी मारायचं आणि तो पळाला की त्याला नावं ठेवायची, हा अन्याय आहे.

‘सत्यकथा’ मासिकात संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ते उरलेलं काम लेखकाकडून करून घेत. कथा परत यायची, सोबत सविस्तर पत्र यायचं, लेखक पुन्हा लिहायचा. त्या अभिरुचीच्या चौकटीत खूप काही बसत नव्हतं, हा तरुणांचा राग खरा होता. 1969 साली त्यांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. 1982 साली मासिक बंद पडलं. चौकट गेली याचं मला दुःख नाही, पण लेखन परत पाठवण्याचा तो रिवाजही जवळपास गेला. आज पैसे भरले की पुस्तक छापून मिळतं आणि ‘हे प्रकरण इथं कशाला?’ असं विचारणारं मधे कुणी नसतं. मग ते आपणच विचारायला हवं. त्यासाठी काही खेळ सांगतो. खेळ म्हणतो, कारण ते खेळताना मजा येते. पण हरलात तर प्रकरण पुन्हा लिहायचं, ही अट आहे.

पहिला खेळ: हस्तलिखितातलं गावाचं नाव खोडा आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावाचं नाव घाला. काहीच बिघडलं नाही, तर तुमच्या कादंबरीत गाव नाही, नुसती पाटी आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर हा प्रयोग करून पाहा. माणदेशातला पाऊस रुसतो, मेंढरं मरतात, धनगर गाव सोडून निघतात आणि मास्तरची शाळा ओस पडते. तो मुलूख हलवला की गोष्टच कोसळते. तुमच्या गावात पाऊस कधी पडतो, बाजार कोणत्या वारी भरतो, एसटी कुठवर येते, हे गोष्टीला ठाऊक आहे का? ‘निसर्गरम्य खेडं’ एवढं लिहून वाचकाला तिथं नेता येत नाही.

दुसरा खेळ: संवादांतली बोलणाऱ्यांची नावं हातानं झाका. कोण बोलतंय ते ओळखू येतं का? आपल्या बहुतेक कादंबऱ्यांत आजी, तलाठी, कॉलेजातली मुलगी आणि हमाल असे सगळे लेखकाच्याच तोंडानं बोलतात, आणि तेही व्याख्यान दिल्यासारखे. उद्धव शेळक्यांनी 1960 साली ‘धग’मध्ये नायिका कौतिकला तिची वऱ्हाडी बोलू दिली. भाऊ पाध्यांनी 1965 साली ‘वासूनाका’त मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांना त्यांची भाषा दिली, त्यावर गदारोळ झाला, तरी ती पोरं धुतल्या तांदळासारखी बोलली नाहीत. बोली म्हणजे क्रियापदाला लावलेला हेल नव्हे. माणूस काय बोलायचं टाळतो, कशाची शपथ घेतो, कुणासमोर आवाज उतरवतो, हे सगळं बोलीत येतं.

तिसरा खेळ: तुमच्या नायकाचा महिन्याचा हिशेब मांडा. खोलीभाडं, किराणा, दवाखाना, गावी पाठवायचे पैसे. हा कागद कादंबरीत छापू नका, पण लिहिताना समोर ठेवा. आपले नायक शंभर शंभर पानं प्रेम करतात, तत्त्वज्ञान सांगतात आणि त्यांचं घरभाडं कोण भरतं ते कळतच नाही. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला एकनाथ शिकलेला आहे, बेकार आहे, शेतीच्या ओढगस्तीत अडकलेला आहे. त्याच्या संसारातली भांडणं त्या हिशेबातून उगवतात, म्हणून ती खरी वाटतात.

चौथा खेळ सगळ्यांत अवघड. तुमच्या खलनायकाला एका वादात जिंकू द्या. सावकार, पुढारी, सासू, संस्थाचालक, कुणीही असो, त्याची बाजू अशी लिहा की क्षणभर तुम्हालाच उत्तर सुचू नये. ज्याच्याशी लढायला नायकाला घाम फुटत नाही, त्याच्याशी झालेली लढाई वाचक कशाला पाहील? आणि प्रत्येक गोष्टीला खलनायक लागतोच असंही नाही. ‘धग’मधल्या महादेवनं, कौतिकच्या नवऱ्यानं, तिला कमी भोगायला लावलेलं नाही, तरी शेळक्यांनी त्याचा राक्षस केला नाही. म्हणून त्या घराची होरपळ कुणा एकाच्या माथी मारून आपली सुटका होत नाही.

पाचवा खेळ कात्रीचा. पहिलं प्रकरण बाजूला ठेवा आणि दुसऱ्यापासून वाचा. गोष्ट कळत असेल, तर पहिलं प्रकरण तुम्ही स्वतःचा हात मोकळा करण्यासाठी लिहिलं होतं; ते काढा. मग ‘हुंदका’, ‘आसवं’, ‘काळीज चिरणारं’ हे शब्द शोधा आणि खोडा. पात्र पानोपान रडू लागलं की वाचकाला रडायला जागा राहत नाही. पानांच्या संख्येशी माझं भांडण नाही. ‘बनगरवाडी’ एका बैठकीत वाचून होते, श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांचं आहे. दोन्ही आपापल्या लांबीला जागतात. तुमचं चारशे पानांचं पुस्तक जागतं का, एवढंच विचारतो.

कुणी म्हणेल, असे नियम लावले तर सगळ्यांची पुस्तकं एका साच्यातून निघतील. चुकीचं आहे. ‘धग’ आणि ‘वासूनाका’ संवादाच्या एकाच परीक्षेला उतरतात आणि एकमेकांसारखी मुळीच नाहीत. सारखी दिसतात ती न तपासलेली पुस्तकं, कारण पहिल्या खर्ड्यात सगळ्यांना तेच सुचतं: तोच पाऊस, तीच सोशिक आई, तोच रेल्वे फलाटावरचा निरोप.

आणि वाचकाला कमी लेखू नका. 1890 साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः आली. साक्षर माणसं मोजकी होती, विषय विधवेच्या छळाचा, अंगावर येणारा. तरी लोक नायिका यमूची हकीकत पुढच्या अंकात शोधत राहिले, कारण ती स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या वयाच्या समजुतीनं बोलत होती. त्या वाचकाची नातवंडं-पतवंडं आजही मराठी बोलतात. त्यांना आपण काय देतो, याचा जाब आपण द्यायचा आहे.

म्हणून दुपारचा ठराव मागे घ्यावा, असं मी अध्यक्षपदावरून सांगतो. त्या वेळात प्रत्येकानं आपल्या हस्तलिखिताची वीस पानं शेजारच्याला द्यावीत. शेजाऱ्यानं पेन्सिल घ्यावी आणि जिथं कंटाळा आला तिथं रेघ मारावी. कौतुक करायचं नाही, समजावून सांगायचं नाही, फक्त रेघ. त्या रेघांपासून आपलं उरलेलं अर्धं काम सुरू होतं. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी आता इथं येऊन विरोधात बोलावं. ध्वनिक्षेपक मी मोकळा करतो आहे.