पँथरची सुई

(वस्तीतल्या तरुण मुलामुलींच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला कवितेवर बोलायला सांगितलं होतं. कविता नंतर वाचू. मी गोदीत माल उचलणारा माणूस, शिक्षण मॅट्रिक, डॉक्टर नाही. तरी आज रक्तावर बोलणार आहे. कवितेतलं नव्हे, तिथं आपण ते बादलीनं ओततो. बोटाला सुई टोचली की निघतं ते. एक थेंब.

ब्लॅक पँथर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? काळं जाकीट, काळी टोपी, हातात बंदूक. १९६६ साली ऑकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तो पक्ष काढला आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ते नाव उचललं. बंदुकीचा फोटो समुद्र ओलांडून आला, सुईचा तिकडेच राहिला. १९६९ पासून ते शाळकरी पोरांना सकाळी फुकट न्याहारी देत होते. १९७० साली पक्षानं शाखांना हुकूम काढला, दवाखाना उघडा. पैसा नाही, औषधं मागून आणलेली, डॉक्टर बिनपगारी, आणि वस्तीतली पोरंपोरी शिकून रक्तदाब मोजतायत. १९७१ मध्ये त्यांनी सिकलसेल हा आजार हातात घेतला आणि लोकांची बोटं टोचत सुटले. हा तिथं मुख्यतः काळ्यांचा आजार, म्हणून त्याच्यावर पैसा खर्चायची कुणाला घाई नव्हती. मे १९७२ मध्ये निक्सननं सिकलसेलच्या कायद्यावर सही केली. एकट्या पँथरमुळे केली असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी केलेला गलका त्यात होता. त्याच वर्षी पँथरनी आपला दहा कलमी जाहीरनामा दुरुस्त करून मोफत आरोग्यसेवेची मागणी त्यात घातली.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? ऐका. १९५८ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांचा लेख आला. हाच सिकलसेल त्यांना कुणाच्या रक्तात मोठ्या प्रमाणात सापडला? महारांच्या. दीक्षाभूमीवरच्या धर्मांतराला तेव्हा पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. म्हणजे ज्यांचं नाव आपण उचललं, त्यांच्या आणि आपल्या रक्तात आजारही एकच.

आता आजार समजून घ्या. आई एक चिठ्ठी देते, बाप एक. दोन्ही चिठ्ठ्या खराब असल्या तर पोर रोगी. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, हाडं फुटल्यासारखी दुखतात. एकच चिठ्ठी खराब असली तर माणूस वाहक. वाहक रोगी नसतो. तो माझ्यासारखी गोणी उचलू शकतो, संसार करू शकतो. आईबाप दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणाला चारात एक धोका, आणि तो दर वेळी नव्यानं. पहिलं पोर रोगी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही.

ही चिठ्ठी आली कुठून? कुणाच्या पापातून नाही. जिच्याकडे एक चिठ्ठी असेल तिला मलेरिया सहसा मारत नाही. मलेरियाच्या मुलखात ज्यांनी पिढ्या काढल्या त्यांच्यात ती टिकली. आणि एवढी साचली का? जातीत लग्न. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात दाखवलं होतं. बाहेरचं रक्त आत येऊ द्यायचं नाही, आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. मग चिठ्ठ्या भिंतीच्या आतच फिरतात आणि वाहकाला वाहक भेटतो. कुणी तुम्हाला रक्त खराब आहे म्हणालं, तर त्याला ही भिंत दाखवा.

माझी आई भंडाऱ्याकडची. माझा मावसभाऊ आठवीत असताना पाय धरून ओरडायचा. मास्तर म्हणायचे, अभ्यास चुकवतो. उन्हात पळायची शिक्षा. सिकलसेलच्या पोराला ऊन, थंडी, तहान आणि दमछाक याच गोष्टी भोवतात. एका दवाखान्यात वाताची औषधं दिली, दुसऱ्यात सांगितलं हाडं वाढतायत. मध्ये अंगारा झाला, कोंबडं झालं. सतराव्या वर्षी कुणीतरी रक्त तपासलं. आता हायड्रॉक्सियुरिया घेतो, बरा राहतो.

खरी गोष्ट पुढेच. मग त्याच्या बहिणीचं रक्त तपासलं. ती वाहक निघाली, फक्त वाहक. जमलेलं लग्न मोडलं. मावशी मला म्हणाली, “बाबू, पोरीले काहीच नाही झालं रे, तरी नाही म्हणतात.” मी विचारलं, पोराचं रक्त कुणी तपासलं? कुणीच नाही! तो वाहक नसता तर यांना रोगी पोर होण्याचा प्रश्नच नव्हता. पण कार्ड मुलीचं बघायचं, मुलाच्या बोटाला सुई लावायची नाही. ही आपल्याच घरातली मनुस्मृती.

अमेरिकेतही असंच घोळलं. वाहक कोण, रोगी कोण हे लोकांना नीट समजावण्याआधीच काही राज्यांनी तपासणीची सक्ती केली. वाहकांच्या नोकऱ्या अडल्या, विमे अडले. हवाई दलाच्या अकादमीचं दार १९८१ पर्यंत वाहकांना बंद होतं.

उलट जमैकात बघा. तिथं सिकलसेलच्या पोरांची पानथरी अचानक फुगून त्यात रक्त साचायचं आणि पोर काही तासांत जायचं. डॉक्टरांनी आयांना शिकवलं, डाव्या बरगडीखाली रोज हात लावून बघा, मोठी लागली तर पोर घेऊन पळत या. १९८५ साली त्यांनी आकडे छापले. अशा झटक्यांत आधी शंभरात एकोणतीस दगावत, ते तीनावर आलं. नवं यंत्र नाही. आईचा हात, आणि तिला कुणीतरी नीट सांगितलेलं.

सरकारचं म्हणाल तर २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटींची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. भर आदिवासी भागांवर. तो हवाच, त्यांचं मरण आपल्याहून स्वस्त. पण १९५८ च्या कागदावर नाव असलेल्यांच्या शहरी वस्त्यांचं काय, हे आपण विचारायचं. २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात सिकलसेल आहे, मात्र नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांच्या यादीत तो नाही. दुखणं मान्य, भाकरी अमान्य. यावर मोर्चा निघू शकतो, निघाला पाहिजे.

तोवर आपण. टोचायचं काम टेक्निशियन करील, आपलं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आधी घरोघर जाऊन सांगायचं, आणि हो म्हणेल त्याचंच बोट धरायचं. पहिली साधी तपासणी वाहक आणि रोगी यांतला फरक दाखवत नाही, म्हणून पक्की तपासणी होईपर्यंत कुणालाही रोगी म्हणायचं नाही. निकाल ज्याचा त्याच्या हातात. चहाच्या टपरीवर निकाल फोडणारा कार्यकर्ता आपला नव्हे. मुलीची तपासणी झाली तर मुलाचीही. नववी-दहावीतल्या पोरांना लग्नाचं वय होण्याआधी हे कळलं पाहिजे, आणि त्यांच्या मास्तरांनाही, की पोरगा पाणी मागतो तेव्हा त्याला पाणी द्यायचं.

रविवारी माझी पाळी सकाळची आहे, तीनला सुटतो. चारला बुद्धविहारात जमू. वही घेऊन या, गल्ल्या वाटून घेऊ. माझं रक्त अजून तपासलेलं नाही, तेव्हा पहिलं बोट माझं.

जय भीम.