राजाने ऐकलेले गाव

प्राचीन तमिळ काव्यातला कवी राजाचे गुण गातो, बिदागी मागतो आणि राजा चुकला तर सुनावतोही. अदियमान राजाने आयुष्य वाढवणारा दुर्मीळ आवळा स्वतः न खाता अव्वैयार या कवयित्रीला दिला. पुढे तीच त्याची दूत होऊन तोंडैमान राजाच्या दरबारी गेली.

आपल्याकडे सातवाहन कुळातल्या हाल राजाने निराळी वाट धरली. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा त्याने संग्रहित केल्या. या ‘गाथासप्तशती’त राजस्तुती नावापुरतीच. बोलतात त्या शेतकऱ्यांच्या लेकीसुना, वाटसरू, पावसाचे ढग. रेवा, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींची नावेही परंपरेने जपली.

आमच्या खालापूरशेजारी, कर्जत तालुक्यातल्या कोंडाण्याच्या लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याने आपले नाव ब्राह्मीत कोरून ठेवले आहे. घडवणाऱ्याचे नाव असे टिकते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या मागणीत याच गाथांचा दाखला होता. हालाच्या लढाया आज कोणाला ठाऊक आहेत? तो उरला तो गावाचे बोलणे ऐकणारा म्हणून. सत्तेने एवढे ऐकावे. आणि कवीने आवळा जरूर घ्यावा, जीभ मात्र आपलीच ठेवावी.