परदेशची व्यापारी पदवी : अर्जापूर्वींचे तीन प्रश्न

बारावीच्या वर्गांत वाणिज्य शाखेंत शिकणारी पोलादपूरची एखादी मुलगी क्षणभर डोळ्यांपुढें आणावी. बाप बाजारांत लहानसें किराणा दुकान चालवितो, डोंगराच्या उतारावर थोडी भातशेती आहे, आणि आई बचतगटाचा हिशेब ठेवते. एके संध्याकाळीं मुलगी घरीं सांगते कीं, तिला व्यापारशास्त्राची अशी पदवी घ्यावयाची आहे कीं जिच्या अभ्यासांतलें एक वर्ष परदेशच्या विद्यापीठांत काढावयाचें असतें. आई विचारते, "पण दाखला कुठल्या कॉलेजाचा मिळणार?" बाप कांहींच बोलत नाहीं, त्याच्या डोळ्यांपुढें शेताचा सातबारा येतो. कोपऱ्यांत बसलेली आजी एवढेंच म्हणते, "बाय, माघारी कधीं येशील?"

ही मुलगी कल्पनेंतली असली तरी असें घर शोधण्यासाठीं महाड-पोलादपुरांत फार हिंडावें लागणार नाहीं. त्या तिघांच्या मनांत जें आलें, त्यांतच ह्या विषयाचें सार आहे. पदवी कोणाची, पैसा कोणाचा आणि परतीची वाट कोणती, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर उतरल्याखेरीज अर्जावर सही होतां कामा नये.

विद्येसाठीं समुद्र ओलांडणें ही गोष्ट ह्या मुलखास नवी नाहीं. रायगडाजवळच्या नाते ह्या गांवीं १४ जानेवारी १८९६ रोजीं चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेंत ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांस मिळाली. पुढें केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९१७ सालीं त्यांनीं पदवी संपादन केली. दुसऱ्याच वर्षीं आय.सी.एस.च्या परीक्षेंत त्यांनीं पहिला क्रमांक मिळविला, आणि १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. झाडापानांचा अभ्यास करून आलेला विद्यार्थी देशाच्या चलनाचा रखवालदार झाला. कोवळ्या वयांत परदेशीं घेतलेल्या पहिल्या पदवीचें मोल केवळ विषयाच्या नांवावरून ठरत नाहीं, हें यावरून ध्यानांत यावें.

दुसरें नांव महाडच्या चवदार तळ्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. २० मार्च १९२७ रोजीं ज्यांनीं त्या तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यापूर्वींच अमेरिका व इंग्लंड येथील विद्या घेऊन आलेले होते. त्यांची पहिली पदवी मात्र मुंबईचीच. १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पाठविलें. पण परतल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करारही त्यासोबत होता. १९१६ सालीं ते लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपतांच १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. मग १९१८ पासून १९२० पर्यंत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा जमविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य व एका पारशी मित्राचें कर्ज घेतलें, आणि लंडनला जाऊन राहिलेला अभ्यास पुरा केला. एवढ्या तोलाच्या विद्यार्थ्यालाही पैशाच्या मुदतीपुढें थांबावें लागलें, ही गोष्ट अर्ज भरणाऱ्या प्रत्येक घरानें लक्षांत ठेवावी.

आतां पहिला प्रश्न, पदवी कोणाची? विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या मे महिन्यांत देशी व परदेशी विद्यापीठांच्या सहकार्यासंबंधीं नियम केले. त्यांत तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यास ट्विनिंग म्हणतात. त्यांत अभ्यासाचे तीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशीं मिळवावयाचे, परंतु पदवी भारतीय विद्यापीठच देणार. दुसरा प्रकार संयुक्त पदवीचा. त्यांत दोन्ही ठिकाणीं निदान तीस-तीस टक्के श्रेयांक मिळवावे लागतात व दोघांच्या नांवानें एकच प्रमाणपत्र मिळतें. तिसरी दुहेरी पदवी. तिच्यांत दोन्ही विद्यापीठें आपापली वेगळी पदवी एकाच वेळीं देतात, आणि निदान तीस टक्के श्रेयांक भारतांत मिळवावे लागतात. घरीं बसून यंत्राच्या पडद्यावर चालणाऱ्या शिक्षणाला हे नियम लागू नाहींत. शिवाय कांहीं कॉलेजांत केवळ एका सहामाहीपुरती विद्यार्थ्यांची देवघेव होते. तींत फी बहुधा आपल्याच कॉलेजांत भरावयाची असते आणि पदवीही त्याचीच असते. युरोपांत १९८७ सालीं सुरू झालेली इरॅस्मस योजना अशाच देवघेवीवर उभी आहे. दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियांतील एक, हाँगकाँगचें एक व मिलानचें एक अशा तीन विद्यापीठांनीं २०१३ पासून चालविलेला चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यांतला विद्यार्थी तीन खंडांत शिकतो व तिन्हीं विद्यापीठांच्या पदव्या घेतो.

म्हणून जाहिरातींतील विमानाच्या चित्रावर न जातां संस्थेस लेखी विचारावें कीं, प्रमाणपत्रावर नांव कोणाचें असेल आणि करार ह्या तिहींपैकीं कोणत्या प्रकारचा आहे. आयोगाची मान्यता नसतां परदेशी विद्यापीठांशीं संगनमत करून पदव्या देणाऱ्या संस्थांविरुद्ध आयोगानें डिसेंबर २०२३ मध्यें उघड इशारा दिला आहे. नांवानेंही फसूं नये. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या बी.बी.ए. पदवींत आंतरराष्ट्रीय व्यापार अशी एक शाखा आहे. तींत परदेशांशीं चालणारा व्यापार शिकवितात, परदेशवास तिच्यांत गृहीत नाहीं. महाराष्ट्रांत बी.बी.ए. व तत्सम अभ्यासक्रमांसाठीं २०२४ पासून राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा सुरू झाली आहे, हेंही पालकांनीं विसरूं नये. कारण एका हातांत परदेशचा अर्ज असतांना दुसऱ्या हातांतील देशी प्रवेशाची तारीख निसटून जाते.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि येथेंच मोठा गैरसमज आढळतो. "सरकार परदेशीं जाणाऱ्यांना शिष्यवृत्ति देतें" असें गांवोगांव ऐकूं येतें. तें खरें आहे, पण अर्धें खरें आहे. अनुसूचित जातींसाठीं व नवबौद्धांसाठीं असलेली राज्याची राजर्षि शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ति आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ति, ह्या दोन्ही पदव्युत्तर व पीएच.डी.च्या अभ्यासासाठीं आहेत. बारावीनंतरच्या पहिल्या पदवीसाठीं नाहींत. डॉ. आंबेडकरांची वाट शिष्यवृत्तीला धरून होती, ती पहिल्या पदवीनंतरची होती. आजही गरीब घरच्या बुद्धिमान मुलामुलींना तीच वाट अधिक मोकळी आहे.

पहिल्याच पदवीला जावयाचें तर बहुतेकांस कर्ज काढावें लागतें. शिक्षणकर्जाच्या सरकारी हमी योजनेखालीं साडेसात लाख रुपयांपर्यंत तारण द्यावें लागत नाहीं. त्यापलीकडे बँक घर किंवा जमीन मागते. हप्ते अभ्यास संपून एक वर्ष होईपर्यंत थांबतात, पण व्याज थांबत नाहीं. शिवाय फी पौंडांत किंवा युरोंत भरावयाची असते आणि कर्ज रुपयांत मंजूर होतें. पहिल्या वर्षीं पुरेसें वाटलेलें कर्ज रुपया घसरला कीं तिसऱ्या वर्षीं तोकडें पडतें. रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्यें प्रबंध लिहिणाऱ्या विद्वानाचें नांव ज्या गांवच्या तळ्याशीं निगडित आहे, त्या गांवीं तरी हा हिशेब चुकूं नये. राहण्या-जेवण्याचा पैसा आधीं दाखवावा लागतो, तो निराळाच. ब्रिटन तो खात्यांत सलग २८ दिवस असल्याचा पुरावा मागतें; जर्मनीनें २०२४ च्या सप्टेंबरपासून एका वर्षासाठीं ११,९०४ युरो बंद खात्यांत ठेवण्याचें ठरविलें. उसनवारीनें महिनाभर भरून दाखविलेलें खातें तिकडच्या थंडींत उपयोगीं पडत नाहीं.

ह्या दोन प्रश्नांतून पार पडल्यावर मग अर्जाचा कागद हातीं घ्यावा. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्यें होते व निकाल मे महिन्याच्या सुमारास लागतो. परंतु ब्रिटनमधील अर्जांची मुख्य मुदत जानेवारीच्या मध्यासच संपते. म्हणून तेथें अंदाजी गुणांवर प्रवेश देतात, आणि तो अंदाज व शिफारसपत्र शाळेनें द्यावयाचें असतें. खेड्यांतील शिक्षकाला ह्या कामाची संवय नसते. मायेपोटीं तो सर्वांनाच नव्वद टक्के लिहून देतो, आणि निकाल सत्तरचा लागला कीं अटीवर मिळालेली जागा जाते. खरा अंदाज सांगणारा शिक्षक त्या दिवशीं कठोर वाटला तरी तोच विद्यार्थ्याचा हितकर्ता होय. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार व पारपत्र ह्यांवरील नांवाचें स्पेलिंग अकरावींतच जुळवून घ्यावें. एका अक्षरापायीं मुंबईच्या दोन-तीन खेपा पडतात.

अर्जांत उमेदवारास स्वतःविषयीं लिहावें लागतें. ब्रिटनमध्यें २०२६ च्या प्रवेशापासून त्यासाठीं तीन प्रश्न ठरवून दिले आहेत : हाच अभ्यासक्रम कां, आतांपर्यंतच्या शिक्षणानें त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलें. येथें पुष्कळ मुलें दुसऱ्यानें लिहिलेलीं गुळगुळीत वाक्यें उतरतात. वस्तुतः सावित्रीच्या खोऱ्यांतल्या मुलाजवळ सांगण्याजोगें पुष्कळ असतें. महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपूर व महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळणाऱ्या ह्या नदीच्या आधारें महाड एके काळीं बंदर होतें व तेथून माल घाटावर चढत असे. आज त्याच महाडच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. २०२१ च्या जुलै महिन्यांत महापुरानें बाजारपेठ बुडाली. त्यानंतर दुकानदारांनीं भिजलेल्या वह्यांवरून उधारीचा हिशेब कसा लावला, घाऊक व्यापाऱ्यानें मुदत कशी वाढवून दिली, हें पोलादपूरच्या मुलीनें बापाच्या दुकानांत बसून पाहिलें असेल तर तेंच तिनें लिहावें. पत म्हणजे काय, हें तिला पुस्तकापूर्वीं कळलेलें आहे. सल्ला देणाऱ्या मध्यस्थांपैकीं पुष्कळांना प्रत्येक प्रवेशामागें परदेशी विद्यापीठाकडून दलाली मिळते, हें ओळखून त्यांचा सल्ला ऐकावा. पण लेखणी त्यांच्या हातीं देऊं नये.

तिसरा प्रश्न आजीचा. परतीची वाट कोणती? पदवी घेऊन तिकडेच नोकरी करूं व कर्ज फेडूं, असा बेत पुष्कळ घरांत आंखला जातो. परंतु परक्या देशाचे कायदे येथल्या हप्त्यांची वाट पाहत नाहींत. ब्रिटनमध्यें पदवीनंतर दोन वर्षें राहण्याची मुभा होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठीं ती अठरा महिन्यांवर आणण्याचें तेथील सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें. म्हणजे जें पाहून विद्यार्थी निघाला, तें तो उत्तीर्ण होईपर्यंत बदलून गेलें. म्हणून कर्जाची फेड येथल्या पगारावर होईल कीं नाहीं, हाच हिशेब आधीं मांडावा. रायगड जिल्ह्यांतच न्हावा-शेव्याचें बंदर आहे. निर्यातीची कागदपत्रें, विमा, परकीय चलन ह्यांची जाण असलेल्या माणसास तेथें व कारखान्यांतून काम असतें. तेथला पगार हप्त्यास पुरत असेल तर खुशाल जावें. पुरत नसेल तर महाडच्या किंवा मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतून पहिली पदवी घ्यावी, जमल्यास एक सहामाही बाहेर काढावी, आणि पुढच्या पदवीस शिष्यवृत्तीवर जावें. ह्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

पोलादपूरच्या त्या घरांत पुढें काय होईल? कदाचित् बाप त्याच रात्रीं दुकानाची वही उघडील. एका पानावर परदेशचा खर्च व दुसऱ्यावर पुण्याचा खर्च मांडील. मुलगी विद्यापीठाला पत्र लिहून आईच्या प्रश्नाचें उत्तर मागवील. दोन्हीं पानें भरेपर्यंत कोणी हो म्हणूं नये, कोणी नाहींही म्हणूं नये. आणि अखेर जाण्याचें ठरलेंच, तर आजीला निदान एक तारीख सांगतां यावी, आणि ती सांगतांना शेताचा सातबारा घराच्याच पेटींत असावा.