बांध कोठे घालावा?

बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात वजनावरून वाद झाला, तर तो मिटविता येतो. कारण त्या वजनामागे सर्वांना मान्य असे एक प्रमाण उभे असते. जमिनीच्या मोजणीलाही असेच प्रमाण लागते. साखळी कितीही नीट ताणली, तरी आरंभाची खूणच सरकलेली असेल, तर पुढचे सारे माप व्यर्थ होय.

अशा खुणा पक्क्या करण्याचे काम विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ आरंभिले. त्रिकोणास त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे सरकत राहिला, आणि १८२३ साली हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट याने ते कार्य चालविले. आपल्या भोपाळच्या उत्तरेस, सिरोंजजवळचे कल्याणपूर हे त्या मोजणीचे मूलस्थान ठरले.

आज डोंगरावरील खुणांचे काम उपग्रह करू लागले आहेत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवितात. संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात, आणि निदान चार उपग्रहांच्या आधारे स्थान ठरते. परंतु वातावरणातून येताना संकेतास विलंब होतो. त्यामुळे खिशातील मोबाइल चार-पाच मीटरांनी सहज चुकतो. वाट शोधणाऱ्यास एवढे चालते. शेतकऱ्यास चालत नाही. चौरस गुंठ्याची बाजू तेहतीस फूट, म्हणजे सुमारे दहा मीटर. पाच मीटरांची चूक म्हणजे निम्मा गुंठा शेजाऱ्याच्या पदरात!

यावर उपाय म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर कायमची संदर्भकेंद्रे उभारली आहेत. केंद्राचे खरे स्थान आधीच ठाऊक असते. संकेतांवरून निघणारे उत्तर त्याच्याशी ताडून पाहिले, की फरक कळतो. आसपासच्या परिसरातही चूक जवळजवळ तेवढीच असते. म्हणून तिची दुरुस्ती मोजणीदारास तत्काळ कळविली जाते, आणि त्याचे माप काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक येते. २०२० साली सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये आरंभापासून आहेत. गावठाणांच्या ड्रोन-मोजणीस याच केंद्रांचा आधार मिळतो.

परंतु एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. केंद्र स्थान सांगते, मालकी सांगत नाही. ड्रोन उडण्यापूर्वी घरांच्या सीमा चुन्याने आखाव्या लागतात, आणि ती रेघ माणसेच ओढतात. रेघ चुकली, तर यंत्र ती चूकच अचूकपणे टिपील. म्हणून त्या दिवशी एकटी राहणारी विधवा आणि पोटासाठी परगावी गेलेला भाऊ यांना बोलावणे, आणि नकाशा कायम होण्यापूर्वी त्यांच्या हरकती ऐकणे, हे मोजणीचेच अंग मानले पाहिजे.

शेजाऱ्याची सीमाखूण सरकविण्याविरुद्ध बायबलातही ताकीद आहे. ती माणसाला दिलेली आहे. आणि उपग्रह आले, म्हणून तिच्यातून त्याची सुटका झालेली नाही.